गोठ्यांतील भट्टी

यंदाच्या पालक-सभेंत एका सद्‌गृहस्थांनीं उभें राहून एक प्रश्न विचारला. ते म्हणाले, "आमच्या मुलांस आठवड्यांतून दोन तास सुतारकाम, मातीकाम आणि पुठ्ठ्याचें काम शिकविण्यांत येतें. परीक्षेंत त्यास गुण किती? तोच वेळ गणितास अगर इंग्रजीस दिल्यास मुलांचें अधिक कल्याण होणार नाहीं काय?" सभेंतील पुष्कळांनीं माना डोलावल्या. प्रश्न विनयानें विचारलेला होता, आणि लेकरांच्या काळजीपोटीं विचारलेला होता. म्हणून त्याचें उत्तर दोन शब्दांत उडवून देणें आम्हांस योग्य वाटलें नाहीं. त्या दिवशीं वेळ थोडा होता. आज या वार्षिकाच्या पानांतून तें उत्तर सविस्तर देण्याचें आम्हीं योजिलें आहे. आणि तें देतांना केवळ उपदेश करीत न बसतां एका कारागिराची खरी हकीकत सांगावी असा आमचा मानस आहे. हा कारागीर रंगीत कांचेच्या खिडक्या करणारा होता, आणि आपल्या धंद्याचें खरें ज्ञान त्यानें इंग्लंडच्या ग्रामीण भागांत गाईंच्या एका गोठ्यांत संपादन केलें.

रंगीत कांचेची खिडकी आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलेली असेल. मुंबईस छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस या नांवानें आज ओळखल्या जाणाऱ्या स्थानकाच्या इमारतींत तशा खिडक्या आहेत. विद्यापीठाच्या ग्रंथालयाची व राजाबाई मनोऱ्याची इमारत १८७८ सालीं पुरी झाली. तेथेंही त्या आहेत, आणि त्यांचा जीर्णोद्धार २०१५ सालीं पुरा झाला. कुलाब्याचें सेंट जॉन मंदिर, ज्यास लोक अफगाण चर्च म्हणतात, तें १८५८ सालीं उपासनेसाठीं समर्पित झालें. तेथील मोठ्या खिडक्या विल्यम वेल्स नांवाच्या इंग्रज कारागिराच्या आहेत. अशा इमारतीवरून बाहेरच्या रस्त्यानें जाणाऱ्यास ती खिडकी दिसते, पण तिची शोभा दिसत नाहीं. शिशाच्या वेड्यावांकड्या रेघा आणि मळकट काळसर तुकडे, यांपलीकडे तेथें कांहीं आहे असें त्याच्या ध्यानांतही येत नाहीं. तोच मनुष्य उंबरठा ओलांडून आंत गेला, आणि सूर्याचे किरण त्या कांचांतून येतांना त्यानें पाहिले, म्हणजे निळ्या, तांबड्या व सोनेरी प्रकाशानें तो क्षणभर स्तब्ध होतो. हस्तव्यवसायाचेंही असेंच आहे, असें आम्हांस वाटतें. बाहेरून पाहणारास तो धूळ, घाम व घट्टे एवढाच दिसतो. त्यांत काय आहे हें समजण्यास एकदां आंत जावें लागतें.

आपली हकीकत नीट समजावी म्हणून या खिडकीची घडण प्रथम थोडक्यांत सांगतों. कांच वितळलेली असतांनाच तींत धातूंचीं भस्में मिसळून ती रंगविलेली असते. कोबाल्टानें निळा, मँगनीजनें जांभळा, तांब्यानें हिरवा किंवा तांबडा, असे रंग तीस येतात. चित्रकार प्रथम खिडकीएवढ्याच कागदावर पूर्ण आकाराचें चित्र काढतो. त्यावरून प्रत्येक तुकड्याचा आकार ठरवून हिरकणीनें किंवा लहानशा पोलादी चाकानें कांच कापतात. मुखावरील रेषा, वस्त्रांच्या चुण्या, पानांच्या शिरा हें सर्व दाखविण्यासाठीं धातूचें भस्म व कांचेची पूड यांचा काळसर लेप कुंचल्यानें देतात, आणि जेथें उजेड हवा तेथें तो काडीनें किंवा सुईनें खरवडून काढतात. मग तो तुकडा भट्टींत सुमारें ६०० ते ७०० अंश सेल्सिअस उष्णतेपर्यंत तापवितात, म्हणजे लेप कांचेशीं कायमचा एकजीव होतो. शेवटीं शिशाच्या खांचदार पट्ट्यांत सर्व तुकडे बसवून सांध्यांस डाख देतात, फटींत लांबी भरतात, आणि तयार झालेलें पान लोखंडी गजांस बांधून दगडी चौकटींत उभें करतात. ही विद्या युरोपांत आठशें वर्षांहून अधिक जुनी आहे. परंतु आरंभापासून आजतागाईत तिचे मुख्य टप्पे हेच आहेत.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत नवीं प्रार्थनामंदिरें शेंकड्यांनीं उभीं राहिलीं आणि जुन्यांची डागडुजी झाली. खिडक्यांस मागणी एवढी वाढली कीं, त्यांचे मोठमोठे कारखाने निघाले. कारखाना म्हटला कीं श्रमांची वांटणी आलीच. एकानें लहान चित्र काढावें, दुसऱ्यानें तें मोठें करावें, तिसऱ्यानें कांच निवडावी, चौथ्यानें ती कापावी. कोणी केवळ चेहरेच रंगवावे, कोणी केवळ वस्त्रेंच रंगवावीं, कोणी आयुष्यभर शिसेंच वळवावें. यामुळें कामें झपाट्यानें होऊं लागलीं, आणि त्यांत कांहीं कामें चांगलींही झालीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्याच्या मनांत चित्र होतें त्याच्या हातांस कांच ठाऊक नव्हती, आणि ज्याच्या हातांत कांच होती त्याच्या मनांत चित्र नव्हतें. मन एका इमारतींत आणि हात दुसऱ्या इमारतींत, अशी स्थिति झाली.

या काळांत क्रिस्टोफर व्हॉल जन्मास आला. १८४९ सालीं नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यांतील थर्निंग नांवाच्या खेडेगांवांत त्याचा जन्म झाला. त्याचा पिता तेथील धर्मोपदेशक होता. मुलाचा ओढा चित्रकलेकडे. म्हणून तो लंडनच्या रॉयल ॲकॅडमीच्या विद्यालयांत दाखल झाला, आणि पुढें इटलींत राहून तेथील जुन्या चित्रकारांच्या कृतींचा त्यानें अभ्यास केला. म्हणजे आपल्याकडील भाषेंत बोलावयाचें तर तो उच्चशिक्षित होता. १८८० च्या आगेंमागें त्यास खिडक्यांचीं चित्रें काढण्याचीं कामें मिळूं लागलीं. त्यानें चित्रें काढावीं, कारखान्यानें तीं कांचेंत उतरवावीं, असा तो व्यवहार होता. तयार झालेली खिडकी पाहून मात्र त्याचें मन खट्टू झालें. चित्र त्याचेंच होतें, पण त्यांतला प्राण निघून गेलेला होता.

अशा प्रसंगीं बहुतेक मनुष्यें काय करतात? कारागिरांस दोष देतात. "आमची कल्पना उत्तम होती, पण करणारांनीं ती बिघडविली," हें वाक्य आपण कचेऱ्यांत, शाळांत आणि घरोघर किती वेळां ऐकतों! व्हॉलनेंही प्रथम असेंच म्हटलें असल्यास नवल नाहीं. परंतु तो तेथें थांबला नाहीं. ज्या पदार्थासाठीं मी चित्र काढतों तो पदार्थ मला स्वतःला कितपत ठाऊक आहे, असा उलट प्रश्न त्यानें आपणांसच घातला. या प्रश्नाचें खरें उत्तर लाजिरवाणें होतें, आणि तें त्यानें मान्य केलें. हें धैर्य आम्हांस त्याच्या सर्व चरित्रांत थोर वाटतें.

लग्न झाल्यानंतर तो लंडन सोडून सरे परगण्यांतील डॉर्किंग गांवाजवळ ग्रामीण भागांत राहावयास गेला. तेथें एका गोठ्यांत त्यानें भट्टी मांडली, आणि तिशी उलटलेला, रॉयल ॲकॅडमींत शिकलेला हा गृहस्थ उमेदवार पोरासारखा कांच कापावयास शिकूं लागला. कापणें, रंगविणें, भाजणें, शिशांत बसविणें, एकूणएक कृति त्यानें आपल्या हातांनीं आत्मसात केली. ज्या कृति कारखान्यांत निरनिराळ्या माणसांत वांटल्या गेल्या होत्या, त्या या गोठ्यांत एका माणसाच्या ठायीं पुन्हां एकत्र आल्या.

हातानें काम केल्यानें नुसतें हातास वळण लागतें, अशी आपली समजूत असते. व्हॉलच्या उदाहरणानें तिचें निरसन होतें. कांच कापतांना मनुष्यास कळतें कीं, बाहेर फुगलेली रेषा सहज निघते, पण आंत वळलेली खोलगट रेषा कापूं गेल्यास कांच भलतीकडे तडकते. ती चिमट्यानें कणाकणानें कुरतडून काढावी लागते. ज्यानें कधीं कांच कापली नाहीं तो कागदावर हवी तशी रेषा ओढतो, आणि मग कापणारा ती आपल्या सोयीनें बदलतो. चित्र बिघडतें तें येथें. शिशाचेंही तसेंच. कागदावर चित्र काढणारास शिशाची काळी रेघ म्हणजे एक अडचण वाटते. ती कशी लपवितां येईल हें तो पाहतो. पण खिडकीपुढें उभें राहून काम करणारास असें आढळतें कीं, निळ्या कांचेचा प्रकाश आजूबाजूस पसरून शेजारच्या रंगांस गिळूं पाहतो. त्याला आवरून धरणारें तें शिसेंच होय. ज्यास अडचण म्हणून टाळावयाचें होतें तेंच चित्राचा कणा आहे! व्हॉलच्या खिडक्यांतील शिशाच्या रेघा पाहाव्या: कोठें जाड, कोठें बारीक, झाडाच्या फांद्यांसारख्या चित्रांतूनच उगवलेल्या. हें ज्ञान त्याला ग्रंथांत मिळालें नव्हतें. तें त्याच्या बोटांनीं त्याच्या बुद्धीस शिकविलें.

दुसरें उदाहरण कांचेचेंच घ्या. कारखान्यांत साफ, सपाट, एकसारखी कांच मिळे; व्यापाराच्या दृष्टीनें ती निर्दोष. १८८९ सालीं एडवर्ड प्रायर नांवाच्या वास्तुशिल्पकारानें एक निराळी कांच करविली. वितळलेली कांच चौकोनी सांच्यांत फुंकून तिची पेटीसारखी बाटली करावयाची, आणि मग तिच्या बाजू कापून वेगळ्या काढावयाच्या. अशा रीतीनें जे तुकडे निघत ते मध्यें जाड व कडेस पातळ असत. त्यामुळें एकाच तुकड्यांत रंग कोठें गडद, कोठें फिका दिसे, आणि प्रकाश आंत खेळल्यासारखा वाटे. व्यापाऱ्याच्या लेखीं जी ओबडधोबड, तिच्यांतला गुण व्हॉलनें तत्काळ ओळखला आणि ती तो आवडीनें वापरूं लागला. तसेंच नुसत्या पांढऱ्या कांचेचा त्यानें मोठ्या कौशल्यानें उपयोग केला; रंगांच्या गर्दींत पांढऱ्या रंगाचें मोल काय, हें ज्यानें प्रत्येक तुकडा उजेडाकडे धरून पाहिला आहे त्यासच समजतें.

येथें ग्रामीण जीवनाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. खेडें म्हणजे स्वर्ग आणि शहर म्हणजे नरक, असें लिहिण्याची लेखकांस हौस असते. ज्यांनीं खेड्यांत पाणी भरलें आहे त्यांस तें हास्यास्पद वाटेल. व्हॉल सृष्टिसौंदर्याच्या कविता करावयास खेड्यांत गेला नव्हता. तेथें एक गोठा मिळण्यासारखा होता, आणि चुका करावयास निवांतपणा होता. शिकणारास चुका करण्यापुरती जागा लागते; बाजारांत ती मिळत नाहीं. तथापि डोळे उघडे ठेवणारास खेड्यानें आपणहून कांहीं दिलेंच. कुंपणावरचीं पानें, वेली व फुलें जवळून पाहून काढण्याचा परिपाठ त्याच्या कामांत व शिकवणुकींत शेवटपर्यंत दिसतो. जुन्या नमुन्यांच्या पुस्तकांतून उतरविलेल्या ठराविक नक्षीच्या जागीं जिवंत पानें आलीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं चित्रकलेच्या वहींत दुसऱ्याच्या चित्रावरून आंबा काढण्यापूर्वीं खिडकीबाहेरच्या आंब्याचें एक पान हातांत घेऊन पाहावें, एवढें तरी यावरून घ्यावें.

या उमेदवारीचें फळ काय झालें? १८९१ च्या सुमारास स्टॅमफर्ड गांवच्या सेंट मेरी मंदिरांत त्याच्या खिडक्या बसल्या, आणि जाणत्यांचें लक्ष तिकडे वेधलें. पुढें १८९८ पासून एक तपाहून अधिक काळ तो ग्लॉस्टरच्या महामंदिरांतील लेडी चॅपेलसाठीं खिडक्या करीत होता. त्याच महामंदिरांत १३५० च्या सुमाराची एक विशाल प्राचीन खिडकी आहे. साडेपांचशें वर्षांपूर्वींच्या उस्तादांच्या शेजारीं आपलें काम मांडावयाचें, ही कसोटी लहान नव्हे. आणि व्हॉल तिला उतरला, असें त्या कलेंतील अधिकारी पुरुषांचें मत आहे.

परंतु आम्हांस याहूनही महत्त्वाचें वाटतें तें त्याचें अध्यापन. १८९६ सालीं लंडनांत कला व हस्तव्यवसाय यांचें एक मध्यवर्ती विद्यालय निघालें, आणि त्याचे चालक लेथॅबी यांनीं व्हॉलला तेथें शिकविण्यास बोलाविलें. जें गोठ्यांत मिळविलें तें त्यानें कोंडून ठेविलें नाहीं. १९०५ सालीं विद्यार्थ्यांसाठीं व कारागिरांसाठीं त्यानें आपल्या विद्येवर एक पाठ्यग्रंथ लिहिला. कांच कापण्याचें चाक हातांत कसें धरावें येथपासून तों चांगल्या कलाकृतीचीं तत्त्वें काय येथपर्यंत सर्व विवेचन त्यांत आहे. एकाच पुस्तकांत चाक धरण्याची रीत आणि कलेचें तत्त्वज्ञान! आपल्याकडे हीं दोन पुस्तकें झालीं असतीं, आणि एकाच्या वाचकानें दुसरें कधीं हातीं धरलें नसतें.

त्याचा शिष्य आल्फ्रेड अर्नेस्ट चाइल्ड डब्लिनच्या कलाविद्यालयांत शिकवावयास गेला. तेथें १९०३ सालीं सेरा पर्सर या चित्रकार बाईंनीं एक सहकारी कार्यशाळा काढली; तिच्या आयरिश नांवाचा अर्थ 'कांचेचा मनोरा' असा आहे. चाइल्ड तिचा व्यवस्थापक झाला, आणि आयर्लंडांत या कलेचें नवें युग सुरू झालें. पुढें जगप्रसिद्ध झालेला हॅरी क्लार्क हा त्याच चाइल्डचा विद्यार्थी. हेन्री पेन नांवाचा बर्मिंगहॅमचा शिक्षक व्हॉलजवळ शिकला, आणि १९०९ सालीं आपलें बिऱ्हाड व कार्यशाळा घेऊन ग्लॉस्टरशायरच्या खेड्यांत जाऊन राहिला. आमच्या विद्यार्थिनींनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, जो धंदा पुरुषांचा म्हणून समजला जात होता त्यांत व्हॉलच्या वर्तुळांतून अनेक स्त्रिया तयार झाल्या. मेरी लाउंड्स यांनीं १८९७ सालीं एका कसबी कारागिराच्या भागीदारींत स्वतःची कार्यशाळा काढली, आणि स्वतंत्रपणें काम करणाऱ्या कलावंतांस भट्टी व अवजारें मिळण्याची सोय केली. व्हॉलची कन्या व्हेरॉनिका हीही नामांकित कांचशिल्पी झाली. १९२४ सालीं वडील वारल्यावर तिनें त्यांची कार्यशाळा पुढें चालविली. एका गोठ्यांतील भट्टीची ऊब अशी दूरवर पोंचली.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, सर्वच कामें एकानें करावयाचीं म्हटलीं तर जगाचा व्यवहार चालणार नाहीं. हें खरें आहे, आणि व्हॉललाही तें ठाऊक होतें. मोठीं कामें आल्यावर त्यानेंही मदतनीस घेतले. तो लंडनास परतला. मध्ययुगांतील उस्तादांच्या हाताखालींही अनेक माणसें राबत असत. श्रमांची वांटणी अपरिहार्य आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जो योजना करतो त्यानें एकदां तरी तें काम स्वतःच्या हातानें केलेलें असावें. विहिरींत कधीं न उतरलेल्या माणसानें पाण्याची योजना आंखावी, आणि नांगर कधीं न धरलेल्यानें शेतीचे कायदे करावे, मग तीं मोडकळीस आलीं कीं करणारांस दोष द्यावा, हें आपण पुष्कळ पाहिलें. उद्यांचे अभियंते, डॉक्टर व अधिकारी आज आमच्या बांकांवर बसले आहेत. त्यांच्या हातांस लांकडाचा रेषा आणि मातीचा ओलावा एकदां तरी ठाऊक झाला पाहिजे.

दुसरा आक्षेप गुणांचा. परीक्षेंत हस्तव्यवसायास गुण थोडे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु काटकोनांत फळी कापतांना जो मुलगा एकदां चुकतो त्यास भूमिति अधिक चांगली समजते, हा आमचा नित्याचा अनुभव आहे. शिवाय कागदावरच्या चुकीस रबर असतो, लांकडास नसतो. चूक झांकतां येत नाहीं, ती कबूल करून पुन्हां आरंभ करावा लागतो, हा धडा दुसऱ्या कोणत्याही तासाला इतक्या स्वच्छपणें मिळत नाहीं.

तिसरा आक्षेप मात्र सर्वांत गंभीर आहे, आणि तो सभेंत कोणी बोलून दाखविला नाहीं. सभा संपल्यावर एक सुतार पालक आमच्याजवळ आले. आपले घट्टे पडलेले तळहात पुढें करून ते म्हणाले, "मास्तर, रंधा मारतां मारतां माझा जन्म गेला. माझ्या पोराच्या हातांत तरी लेखणी राहूं द्या." या वाक्यापुढें आम्ही निरुत्तर झालों. गोठ्यांत भट्टी मांडणारा व्हॉल हा सुशिक्षित घराण्यांतला. त्यानें हातकाम आपण होऊन पत्करलें. ज्याच्यावर तें जन्मानें लादलें गेलें त्याची गोष्ट निराळी आहे, आणि ती निराळी नाहीं असें म्हणणें हें ढोंग होईल.

आपल्या देशांत हात आणि डोकें यांची फारकत कारखान्यानें केलेली नाहीं; ती कारखान्याच्या पुष्कळ आधीं जन्मावरून झालेली आहे. ज्यांनीं चामडें कमावलें त्यांच्या हातचे जोडे वापरावे, पण त्यांस जवळ येऊं देऊं नये, असा न्याय येथें शतकानुशतकें चालला. गोरोबा काका कुंभार होते, सांवता महाराज माळी होते, नरहरी सोनार होते, चोखोबा तर गांवकुसाबाहेर राहत. त्यांच्या नांवांचा जयजयकार करणाऱ्या समाजानें त्यांच्या धंद्यांचा मान कधीं राखला नाहीं. ज्या प्रभूच्या नांवानें ही शाळा चालते त्यानें नासरेथ गांवीं सुताराचें काम केलें, आणि त्याचा प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरी. हें दर रविवारीं ऐकणारे लोकही सुतारास दारांत उभा ठेवतांना आम्हीं पाहिले आहेत. दोष एका पंथाचा नाहीं; तो आपणां सर्वांचा आहे.

म्हणून त्या सुतार पालकांस आमचें उत्तर असें आहे. दादा, आपल्या मुलाच्या हातांत लेखणी राहीलच. ती कोणी काढून घेऊं लागल्यास आम्ही आपल्या बाजूनें उभे राहूं. कारागिराच्या मुलास कारागिरींतच डांबून ठेवण्यासाठीं हा तास असता, तर तो आम्हींच बंद केला असता. हा तास मुख्यतः वकिलाच्या, डॉक्टरच्या व व्यापाऱ्याच्या मुलासाठीं आहे. आपल्या मुलाशेजारीं उभें राहून त्यानें रंधा धरावा, फळी वांकडी कापावी, आपल्या मुलाकडून ती सरळ करून घ्यावी, आणि या विद्येंत आपण अडाणी आहों हें एकदां मनापासून कबूल करावें, अशी आमची इच्छा आहे. ज्या दिवशीं सर्वच घरांतील मुलांच्या हातांस थोडे घट्टे पडतील, त्या दिवशीं आपल्या तळहातांकडे कोणी कमीपणानें पाहणार नाहीं. आणि ज्याच्याजवळ रंधा व लेखणी दोन्ही आहेत, तो आपल्या धंद्यांतला व्हॉल होऊं शकतो. हें भाग्य ज्यास केवळ लेखणीच ठाऊक आहे त्याच्या वांट्यास सहसा येत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस शेवटीं एकच विनंति आहे. सुटींत मुंबईस जाण्याचा योग आला तर एखाद्या रंगीत कांचेच्या खिडकीपुढें आंतल्या बाजूनें उभे राहा. घाई करूं नका. रंग पाहून झाले म्हणजे शिशाच्या रेघा पाहा, सांध्यांवरचा डाख पाहा, आणि हा तुकडा कोणाच्या तरी बोटांनीं कापला, कोणी तरी भट्टीपाशीं जागून तो भाजला, याचें स्मरण करा. त्या बोटांचीं नांवें बहुधा कोठेंही लिहिलेलीं नाहींत. मग घरीं परत आल्यावर, तुमच्या घराचें दार ज्यानें केलें आणि तुमचा माठ ज्यानें घडविला त्याच्याकडे त्याच नजरेनें पाहा, व जमल्यास त्याचें नांव विचारा.

पालकांस आमची प्रार्थना अशी कीं, हे दोन तास आम्हांस द्यावे. त्यांच्या बदल्यांत परीक्षेचे गुण वाढतील असें वचन आम्ही देत नाहीं. आपला मुलगा किंवा मुलगी पुढें जें काम हातीं घेईल तें आंतून जाणून करील, आणि बिघडल्यास दुसऱ्यास बोल लावण्यापूर्वीं स्वतःच्या हाताकडे पाहील, एवढीच आमची आशा आहे. तेवढी सफल झाली तरी शाळेनें आपलें कर्तव्य केलें, असें आम्ही समजूं.